व्याह्यांचा वकील

आमची सून ख्रिस्ती. मुलानं लग्न ठरवलं तेव्हा ह्यांनी विरोध केला नाही, पण आनंदही दाखवला नाही. उभं आयुष्य वकिली केलेली. पटलं नाही की गप्प बसायचं, हा ह्यांचा स्वभाव. हडपसरच्या व्याह्यांशी बोलणं ‘तब्येत काय म्हणते आपली’ याच्या पुढे कधी सरकलंच नाही.

गेल्या वर्षी उन्हाळा लागता लागता व्याही आपण होऊन आमच्या नारायण पेठेतल्या घरी आले. त्यांच्या चर्चमध्ये नाटक बसत होतं. फार पूर्वीचा एक ख्रिस्ती धर्मप्रचारक. त्याला बेड्या घालून रोमन सुभेदारापुढे उभं केलंय आणि तो स्वतःच स्वतःची बाजू मांडतोय. हे काम व्याह्यांकडे आलेलं. शाळेत रसायनशास्त्र शिकवण्यात जन्म गेलेला, रंगमंचावर कधी पाऊल टाकलेलं नाही.

“आपण इतकी वर्षं कोर्टात काढलीत,” ते ह्यांना म्हणाले. “आरोपीनं कसं बोलायचं, जरा सांगाल का?”

ह्यांनी चष्मा लावून कागद चाळले. “याच्यावर आरोप काय आहे?”

“तेच सुभेदारालाही नीट कळत नाहीये. दोन वर्षं नुसता डांबून ठेवलाय.”

“आरोप ठरला नाही आणि दोन वर्षं?” हे खुर्चीत पुढे सरकून बसले. मी चहा टाकायला उठले.

मग दर शनिवारी तालीम. सुभेदार मी. दिवाणावर बसून कंटाळलेलं दिसायचं, एवढंच माझं काम. व्याही हात पसरून बोलायला लागले की हे म्हणायचे, “प्रवचन नको. न्यायाधीशालाही भूक लागते. मुद्द्यावर या.”

एका ठिकाणी मात्र हेच अडले. “यानं थेट बादशहाकडे दाद का मागितली? नसती मागितली तर सुटला असता, असं इथंच म्हटलंय.”

“त्याला रोमला जायचंच होतं.”

“बेड्या घालून?”

“कसंही,” व्याही म्हणाले. “तिथं त्याला ठार मारलं, असं सांगतात.”

ह्यांनी चष्मा काढून कागदांवर ठेवला. “असा पक्षकार फार जड जातो हो,” एवढंच म्हणाले.

प्रयोगाला आम्ही पुढच्याच रांगेत होतो. सुरुवात छान झाली आणि मग निम्म्यावर व्याही थांबले. ओठ हलत होते, शब्द येत नव्हते. सुनेनं मान खाली घातली. एवढ्यात हे उठून उभे राहिले. पक्षकाराला काही विचारलं की वकील उभा राहतो, तसे नुसते उभे.

व्याह्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं. मग मंचावरच्या सुभेदाराकडे वळून हळू आवाजात म्हणाले, “महाराज, मी कुणाचं वाईट केलेलं नाही. जे खरं वाटलं, ते सांगत आलो. आणखी काय सांगू?”

यातलं एकही वाक्य कागदावर नव्हतं. हे खाली बसले. सुनेनं ह्यांचा हात धरला, तो ह्यांनी नाटक संपेपर्यंत सोडवून घेतला नाही.

नंतर अंगणात व्याही ओशाळून म्हणाले, “सगळं भाषण विसरलो.”

“बरंच झालं. लांबलं होतं,” हे म्हणाले. मग निघता निघता, “शनिवारी येताय ना?”

“आता कसली तालीम?”

“तालीम नाही हो. जेवायला या.”

ते आले. अजूनही येतात. दोघं पेपर वाटून घेतात आणि महापालिकेच्या नावानं खडे फोडतात. मी आणि विहीणबाई स्वयंपाकघरातून ऐकत असतो.