दोन साडू, दोन हॉटेलं आणि मे महिन्यातला हुरडा

चहा येईपर्यंत सांगून टाकतो. नाहीतर हा किस्सा तुम्ही आमच्या साडूच्या तोंडून ऐकाल आणि तो त्यात पदरचं घालेल. पदरचं घालायचा हक्क माझा आहे. आमच्या झरी गावात मी काही सांगितलं की 'खरं का?' असं कुणी विचारत नाही. 'किती खरं?' असं विचारतात. तर हे बारा आणे खरं धरा. फजिती मात्र सोळा आणे माझी.

गोष्ट धोंड्याच्या महिन्यातली. तीन वर्षांनी अधिक महिना येतो आणि जावयाचं नशीब उघडतं, हे मी तुम्हाला काय सांगायचं? सासऱ्यानं बोलवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, कपडे करायचे, निघताना तेहतीस अनारसे बांधून द्यायचे. या खेपेला महिना आला ऐन मेमध्ये, पोरांच्या सुट्टीत. आमचे सासरे राणीसावरगावचे, माणूस मोठा हौशी. म्हणाले, "जावईबापू, दर खेपेला तेच ताट, तोच टॉवेल. यंदा तुमा दोघा जावयांना अन् माझ्या दोघी लेकींना त्या पाळण्याच्या पार्कात धाडतो, पुण्याच्या पुढं. नातींना बी न्या. दोन दिवस राहा. अट एकच. सगळ्यांनी एका जागी राहायचं."

ही अट का, ते ऐका. थोरली लेक शोभा, म्हणजे आमची मंडळी. धाकटी उज्ज्वला, ती सोनपेठला दिलेली. दिवाळीत एक माहेरी पोचते तेव्हा दुसरीची बॅग भरलेली असते. भेटायच्या त्या लग्नाकार्यात, तेव्हा एकीच्या हातात लाटणं आणि दुसरीच्या हातात ताटं. शोभानं तर आठ दिवस आधीच बॅग काढून ठेवली. मी विचारलं, "इतकी घाई कशाची? पाळण्यात बसणार हाईस का?"

"मला न्हाई बसायचं कशात. मला दोन दिवस उज्जूच्या बाजूला नुसतं लोळायचंय. कुणाचा चहा न करता."

एवढंच मागणं. बावीस वर्षांत पहिलं. आणि त्यात तुमच्या या थोरल्या जावयानं माती कालवली.

झालं असं की आमच्या साडूनं, ज्ञानोबानं, परस्पर मोबाइलवरून हॉटेल ठरवलं. मला फोन केला तो ठरवून झाल्यावर. "दादा, राजवाड्यासारखं हाय. तुमी फक्त हो म्हणा, तुमची बी खोली धरतो."

आता तुम्हीच सांगा, थोरला जावई कोण? मी. धाकट्यानं निवडलेल्या हॉटेलात थोरल्यानं मुकाट जाऊन उतरायचं? उद्या हा पठ्ठ्या सासऱ्याला सांगणार, दादाची सोय मी केली म्हणून. मी म्हणालो, "आमी दुसरं बघितलंय. तुझ्यापेक्षा वरचं." बघितलं नव्हतं. फोन ठेवल्यावर बघितलं. नेमकं त्याच्या समोरचं, मधे फक्त रस्ता.

बॅगेतून शोभानं एक पत्त्यांचा कॅट काढला आणि परत कपाटात ठेवला. ते मला दिसलं. दिसूनही मी न दिसल्यासारखं केलं.

आम्ही परभणीहून गेलो, ते परळीकडून आले. आमचं हॉटेल म्हणजे जंगल. दारात सिमेंटचा गोरिला, त्याचं एक बोट मोडलेलं. लिफ्टमध्ये पाखरं ओरडायची, पण मधेच टेप अडकायची आणि एकच मोर तिसऱ्या मजल्यापर्यंत केकाटायचा. पोहायचा हौद दुरुस्तीला. खोलीत वाघाच्या पट्ट्यांचं पांघरूण आणि गळणारा एसी. आम्ही परभणीची माणसं, पाणी वाया जाऊ देतो का? शोभानं खाली बादली लावली. संध्याकाळपर्यंत तेवढ्या पाण्यात तिनं सगळ्यांच्या चपला धुतल्या.

दुपारी ती म्हणाली, "मी उज्जूकडं जाऊन येते. रस्ता तर ओलांडायचाय."

"थांब. त्यांनी बोलवू दे. बिनबोलावता जायला आपली काय इज्जत हाय का न्हाई?"

तेवढ्यात ज्ञानोबाचाच फोन आला. मी म्हटलं, आला बोलवायला. पण नाही.

"दादा, कसं हाय तुमचं?"

"लय भारी. तुझं?"

"काय सांगू. दारात हत्ती हाय. सोंडेनं हार घालायलाय."

आता ज्ञानोबाचं सोनपेठला किराणा दुकान. साधा माणूस. गुळावरची माशी उडवतानासुद्धा तिला दुखेल म्हणून हळू उडवणारा. हा थाप मारेल असं माझ्या स्वप्नात येणार नाही. थापा मारणारा माणूस एक चूक हमखास करतो बघा. त्याला वाटतं, हा धंदा गावात आपल्या एकट्याचा आहे.

हत्तीला उत्तर काय द्यायचं? तोंडातून निघून गेलं, "आमच्याकडं हुरडा हाय."

"दादा, मे महिन्यात हुरडा?"

"एसीत पेरतेत. मागं काचेचं शेत हाय. रात्रभर थंडी सोडतेत, ज्वारीला वाटतंय पौष आला."

पल्लवी, आमची लेक, मोबाइलमध्ये तोंड घालून बसली होती. तिच्या खांद्याला हिसके बसायला लागले. मला वाटलं, पोरीला उचकी लागली.

ज्ञानोबा म्हणाला, "आमचा पलंग फिरतोय दादा. निजलं की उगवतीकडून मावळतीकडं. आपोआप."

"आमच्याकडं पाय चेपायला माणूस येतोय."

"आमच्याकडं दोन येतेत."

फोन ठेवला आणि मी गॅलरीत गेलो. समोर त्याच्या हॉटेलाची भिंत आणि भिंतीवरून खरोखर वर आलेली एक सोंड. करडी, वाकडी, टोकाला हार. हत्ती खरा, म्हणजे पलंगही खरा. आणि इथे मी मोडक्या गोरिलाच्या पाठीशी, बादलीत एसी झेलत बसलोय.

सकाळी नाश्त्याला पोहे होते. कोरडे इतके, की घास घशाच्या वळणावर थांबून वाट विचारायचा. माझं तोंड बघून शोभा गोड आवाजात म्हणाली, "अहो, नुसतं ऐकत बसण्यापेक्षा तिकडंच जाऊ की आपण. खोली सोडून."

"अन् माझ्या इज्जतीचं काय?"

"त्यांना सांगू, उज्जूला एकटीला करमंना म्हणून आलो. तुमचा मोठेपणा दिसंल."

बायको इतकी शहाणी आहे हे बावीस वर्षांत माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी खाली जाऊन किल्ली परत केली. काउंटरवरचा म्हणाला, "साहेब, अजून एक दिवस आहे तुमचा." मी म्हटलं, "असू दे, गोरिलाला द्या."

बॅगा खांद्यावर, पांघरुणांचं बोचकं डोक्यावर, अशी आमची वरात फाटकातून निघाली. रस्त्याच्या मधोमध, जिथे झाडं लावलेला उंचवटा असतो, तिथे पोचलो आणि बघतो तर समोरून ज्ञानोबा. हातात पत्र्याची पेटी, मागे उज्ज्वला, तिच्यामागे त्यांची ऋतुजा.

दोघेही थांबलो. एक ट्रक गेला. दुसरा गेला.

"कुठं निघालाव दादा?"

"फिरायला. तू?"

"आमी बी फिरायलाच."

"पेटी घेऊन?"

"तुमच्या बी डोक्यावर बोचकं हाय."

मी बोचकं खाली ठेवलं. त्यानं पेटी खाली ठेवली. मग तो हळूच म्हणाला, "हुरडा संपला न्हाई न्हवं? वरून हिरवं दिसलं मला, तुमच्या हॉटेलामागं."

"ती रोपवाटिका हाय. कुंड्या हायेत शोभेच्या. अन् तुझा हत्ती?"

"प्लॅस्टिकचा हाय दादा. पोरांच्या घसरगुंडीचा. पाठीवरून खाली यायचं."

"पलंग?"

"एक पाय आखूड हाय. हलतोय."

इकडे पल्लवी आणि ऋतुजा त्या उंचवट्यावर खालीच बसल्या, पोट धरून. मग कळलं, या दोघी कालपासून एकमेकींना खोल्यांचे फोटो धाडत होत्या. गळका एसी, हलता पलंग, मोडका गोरिला, सगळं. आणि ते फोटो आपापल्या आयांना दाखवत होत्या. म्हणजे कालपासून खरं काय ते सहापैकी चौघींना ठाऊक होतं. राहिले कोण? दोन जावई.

शोभा बहिणीकडे बघून म्हणाली, "अगं, तू कशाला निघालीस? मी यांना घेऊन तुझ्याकडंच यायले होते की."

"मला काय ठाऊक? मला वाटलं, तू तिकडंच थांबशील. मी बी ह्यांना तेच सांगितलं, ताईला करमंना म्हणून."

"मोठेपणा दिसंल म्हणलीस?"

"तेच म्हणले."

दोघी भर रस्त्यात एकमेकींच्या गळ्यात पडून हसायला लागल्या. ट्रकवाले हॉर्न वाजवत होते. मला वाटतं, त्यांना पण फोटो गेले असावेत.

बरं, आता राहायचं कुठे? आमच्या हॉटेलात परत गेलो तर आमची खोली गेलेली. मे महिना, लोक बॅगांवर बसून वाट बघत होते. काउंटरवरच्यानं वही चाळली. "एकच खोली आहे साहेब. दोघांची. जरा वेगळी आहे." समोर राजवाड्यात चौकशी केली, तिथे चौघांची एक खोली मिळाली. चार अधिक दोन, सहा. माझा हिशेब होण्याच्या आत शोभाचा होऊन गेला होता.

"आमी चौघी तिकडं. तुमी दोघं इकडं."

"अगं पण बाबांची अट..."

"तीच पाळायलोय की. लेकी एका जागी, जावई एका जागी."

उज्ज्वला म्हणाली, "दाजी, हत्तीला तुमचा नमस्कार सांगते." आणि चौघी गेल्या. जाताना शोभानं माझ्या खांद्यावरची एक पिशवी तेवढी काढून घेतली. तिच्यात सासूबाईंनी आधीच धाडलेला डबा होता. तेहतीस अनारसे. जावयांचे.

ती 'जरा वेगळी' खोली आम्ही उघडली. पलंगावर गुलाबाच्या पाकळ्यांचा हा एवढा बदाम. बदामाच्या मधे टॉवेलचे दोन हंस, चोचीला चोच लावून. भिंतीवर गुलाबी दिवा. मी ज्ञानोबाकडे बघितलं. ज्ञानोबा हंसाकडे बघत होता.

दार वाजलं. एक माणूस छोटा केक घेऊन आत आला. चेहऱ्यावर मोठं हसू. "अभिनंदन सर. मॅडम कुठे आहेत?"

ज्ञानोबा साधा माणूस. त्यानं खरं ते सांगितलं. "त्या समोरच्या हॉटेलात हायेत. आमी दोघंच हाव इथं."

त्या माणसानं माझ्याकडे बघितलं, मग ज्ञानोबाकडे, मग पेटीकडे. केक टेबलावर ठेवला आणि जाताना दार इतक्या अलगद लावलं, की आयुष्यात माझ्यासाठी इतक्या अदबीनं दार कुणी लावलं नाही.

चौघी दुपारभर पार्कात फिरून आल्या. दिवस कलताना आम्ही दोघे गॅलरीत बसलो होतो. समोरच्या गॅलरीत शोभा आणि उज्ज्वला. दोघींचे पाय कठड्यावर. मधे डबा उघडा. पत्ते चालले होते, म्हणजे तो कॅट तिनं माझ्या नकळत परत बॅगेत टाकलाच होता. उज्ज्वला पानं लपवत होती आणि शोभा तिच्या मनगटाला धरून ओढत होती, दहा वर्षांच्या पोरीसारखी. हसणं इतक्या लांबून ऐकू येत नव्हतं, नुसते खांदे दिसत होते. मला आठवेना, आमच्या घरात ती अशी शेवटची कधी हसली होती.

"दादा," ज्ञानोबा म्हणाला, "आपण आधीच एका हॉटेलात आलो असतो तर?"

"तर आपण दोघं त्यांच्यामधी बसलो असतो. चहा मागत."

तो म्हणाला, "म्हंजी आपुन थापा मारल्या ते बरंच झालं म्हणा की." बघा, साधा म्हणता म्हणता माणूस कुठे पोचला.

तेवढ्यात सासऱ्यांचा फोन. "काय जावईबापू, दोन्ही हॉटेलं बघितली म्हणं तुमी. कोणतं बरं हाय?"

मी त्या गॅलरीकडे बघत म्हटलं, "पलीकडचं, मामा."

परतताना सगळे एकाच गाडीतून राणीसावरगावला उतरलो. ओसरीवर पाट मांडलेले, सासरे हौसेनं हार घेऊन उभे. सासूबाईंनी पाणी दिलं आणि विचारलं, "अनारसे कसे झालते? मला वाटलं, जरा कडक झाले का काय."

अनारशाचा चुरासुद्धा आमच्यापैकी कुणाच्या जिभेला लागला नव्हता. पण म्हाताऱ्या माणसानं उन्हाळ्यात चुलीपुढे बसून केलेले. मी ज्ञानोबाकडे बघितलं, त्यानं माझ्याकडे. आणि आयुष्यात पहिल्यांदा आम्ही दोन साडू एका सुरात बोललो, "लय खुसखुशीत झालते, मामी."

सासूबाईंचा चेहरा फुलला. मी मनात म्हटलं, चला, निदान ही एक थाप तरी सत्कारणी लागली.

तेवढ्यात आतून, पदरानं तोंड पुसत, शोभा बाहेर आली.

"व्हय आई. लय आवडीनं खाल्ले ह्यांनी. हुरड्यासंगं."