हिरव्या कड्याची पुंगळी

काकांना चहा दिला की ते कप रिकामा करून पालथा घालायचे आणि बूड वाचायचे. टोकियोजवळ ग्योतोकुच्या आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी बशी पाहिली, वाटी पाहिली, शेवटी हिच्या माहेरचा पितळी डबाही उलटा केला. "चि. शिल्पास, मावशीकडून," त्यांनी मोठ्यानं वाचलं आणि आमची ही त्यांच्यावर एकदम खूश. आठ वर्षं मी त्या डब्यातून पोहे खात होतो, मला ते नाव कधी दिसलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, हेवा तिथूनच सुरू झाला.

काका बँकेतले, मुंबईहून पोस्टिंगवर आलेले. त्यांचा छंद म्हणजे महायुद्धातल्या जर्मन रायफलींच्या रिकाम्या पुंगळ्या. दारू नाही, गोळी नाही, नुसती उडालेल्या काडतुसाची पितळी नळी. "लग्नातल्या भांड्यावर नाव घालतात ना, तसंच हे बुडावर," ते म्हणायचे. "वर कारखान्याची खूण, उजवीकडे धातू, खाली लॉट नंबर, डावीकडे साल. आणि मधे घोडा आपटतो त्या टोपीभोवती रंगाचं हिरवं कडं असेल तर जड गोळीची पुंगळी." मला हे वेड त्यांनीच लावलं, आणि वर्षभरात मी त्यांच्याशीच स्पर्धा करायला लागलो.

उएनोजवळच्या जुन्या वस्तूंच्या दुकानातले म्हातारे मालक त्यांना 'काका-सान' म्हणत. 'काका' हे त्यांचं नावच आहे अशी त्यांची समजूत होती. काका आले की गल्ल्याखालचा खास खोका वर यायचा. माझ्या वाट्याला फक्त दारातलं 'इराश्शाइमासे', सगळ्याच गिऱ्हाइकांना म्हणतात ते 'या, या'. अरे, मीही दर शनिवारी तोयोसुच्या ऑफिसातून थेट तिथंच जायचो की!

एकदा त्या खोक्यातली एक काळी पडलेली पुंगळी आधी माझ्या हातात आली. खाली बारा आकडा दिसला. मी तो साल समजलो, बारा साल म्हणजे आपल्या कामाची नाही म्हणून परत टाकली. काकांनी ती उचलली, अंगठ्यानं पुसली. बारा हा लॉट होता, साल डावीकडे होतं, चाळीस. ज्या छोट्या कारखान्याची ती पुंगळी, त्याचीच सालवार रांग मी लावत होतो आणि त्यात नेमकं तेवढंच साल नव्हतं. शिवाय टोपीभोवती अख्खं हिरवं कडं. माझा असा जळफळाट झाला की परतताना ट्रेनमध्ये मी त्यांच्याशी धड बोललोही नाही.

पुढं त्यांनी ती आपणहून माझ्याकडे दिली, फोटो काढायला. रविवारी सकाळी मी चिंच भिजवली, मीठ घातलं, घासणी घेतली आणि पुंगळी देवाच्या तांब्यासारखी लख्ख केली. हिरवं कडं चिंचेबरोबर बेसिनमध्ये गेलं. ते जाणार हे मला ठाऊक होतं का? होतं. मला नाही, तर त्यांनाही नको, एवढंच डोक्यात होतं.

काकांनी ती पालथी करून बराच वेळ पाहिली. मी म्हणालो, "जरा जास्तच घासली गेली." ते म्हणाले, "आपल्या घरात पितळ काळं राहिलेलं चालतच नाही रे, मंदार." मग त्यांनी चहा मागितला आणि विषय तिथंच संपला.

मागच्या मार्चमध्ये ते कायमचे पुण्याला गेले. सामानात पुंगळी सापडली तर तिकडच्या विमानतळावर पोलिसांना उत्तरं देत बसावं लागेल, म्हणून पुंगळ्यांचा अख्खा डबा त्यांनी मला देऊन टाकला. इतकी वर्षं ज्याच्यावर डोळा होता ते सगळं माझ्या मांडीवर होतं. प्रत्येक पुंगळीत त्यांच्या अक्षरात एकेक सुरळी केलेली चिठ्ठी. चाळीस सालची मी सगळ्यांत आधी उघडली. "हिरवं कडं होतं, मी पाहिलं आहे. मंदारने हौसेने घासली."

हौसेने! त्यांना कळलंच नव्हतं, की सगळं कळून त्यांनी असं लिहिलं? बूड वाचणारा माणूस तो. दर रविवारी विचारायचं ठरवून मी पुण्याला फोन लावतो, काकांची तब्येत विचारतो आणि ठेवून देतो.