पडद्यामागून दिसलेला चेहरा

आधीच सांगून टाकतो — भूत, मुंजा, चकवा यातलं काहीही मी मानत नाही. आमच्या घराजवळच्या पिंपळावर मुंजा आहे म्हणून दिवेलागणीनंतर लोक तिकडून जात नसत. त्याच पिंपळाखाली बाज टाकून मी उन्हाळेच्या उन्हाळे झोपलो. डासांनी फोडून काढलं, मुंजा काही आला नाही. तुमच्या सदरातले अनुभव मी नेमानं वाचतो आणि निम्म्यांना तर चक्क हसतो... तरी आज स्वतःच लिहायला बसलोय. कारण एका गोष्टीचा छडा लावायचाच असं ठरवून मी जन्मभर तिच्या मागं लागलो आणि हाताला काही लागलं नाही. तुमच्यापैकी कुणाला जमलं तर बघा.

निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. बीड जिल्ह्यात वीज नव्हती, थेटर नव्हतं. मी एका फिरत्या सिनेमा कंपनीत होतो. कंपनी म्हणजे काय, तर दोन बैलगाड्या, एक तंबू, एक धूर ओकणारं इंजिन आणि हातानं फिरवायचं मशीन. सिनेमे मुके. मधेमधे पडद्यावर अक्षरं यायची तीही इंग्रजी. म्हणून कंपनीनं मला ठेवलेलं. पडद्याच्या बाजूला छडी घेऊन उभं राहायचं आणि सगळी कथा लोकांना ओरडून सांगायची, हे माझं काम. लोक मला मास्तर म्हणायचे. शाळेचा आणि माझा संबंध चौथीतच तुटला होता, पण आवाज असा खणखणीत की केजच्या बाजारात मी तोंड उघडलं की बैल बुजायचे. खोटं वाटत असेल तर वाटू द्या!

मशीनचं हँडल फिरवायचे उस्मानभाई. शांत माणूस. त्यांच्या तोंडून दिवसाला चार शब्द निघाले तरी मिळवली.

तंबूत बसायची पद्धत ठरलेली होती. गडीमाणसं पडद्यासमोर, बायका पडद्यामागं. शो सुरू व्हायच्या आधी पांढऱ्या कापडावर पाणी मारायचं. ओल्या कापडातून मागच्या बाजूलाही चित्र स्वच्छ दिसतं, फक्त डाव्याचं उजवं होतं. एवढाच फरक. हे नीट लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

त्या साली आमच्याकडे एक विलायती सिनेमा होता. एक घड्याळजी लोखंडी यंत्रात बसून चंद्रावर जातो. तिथं नुसतं पांढरं माळरान. तिथले लोक त्याला पकडतात, तो पळतो, यंत्रातून खाली कोसळतो... आणि घरात बिछान्यावर जागा होतो! स्वतःशीच हसतो. तेवढ्यात त्याची बायको कोपऱ्यातले त्याचे बूट उचलून उलटे करते, तर आतून पांढरी राख सांडते. संपला सिनेमा.

संपला कसला? तिथून तर भांडणं सुरू व्हायची. "मास्तर, खरं का सपान?" प्रत्येक गावात हाच प्रश्न. चकलांब्याला तर यावरून दोघे साडू एकमेकांच्या धोतराला हात घालायला निघाले होते. माझं उत्तर ठरलेलं, स्वप्न! बूट चुलीपाशी पडले असतील, राख गेली असेल आत. माणूस चंद्रावर जातो काय, कायतरीच! मी छडी आपटून सांगायचो आणि विषय मिटवायचो.

तर आमचा तंबू सिरसाळ्याला लागला. जागा दिली होती आबाराव नावाच्या मोठ्या शेतकऱ्यानं, स्वतःच्या खळ्याची. मी आभार मानायला त्याच्या घरी गेलो तर वाडाभर पाहुणे. एका कोपऱ्यात पळसाच्या पानांचे भारे पडलेले.

"उद्या इधी हाय," आबाराव म्हणाला. "थोरला भाऊ जाऊन बारा वरसं झाली. रेल्वेच्या कामावर गेलता, तिथून म्हणं जहाजावर चढला. काय ठावठिकाणा न्हाई. आता पळसाचा मानूस करून जाळायचा, सुतक धरायचं, मोकळं व्हायचं. आईचा जीव लागंना झालाय."

तुम्हाला माहीत असेल, बारा वर्षं पत्ता नसलेल्या माणसाचा असा पुतळा करून दहन करतात. आणि ते झालं की त्याची बायको विधवा.

ती बायको, सुंदराबाई, संध्याकाळी सगळ्यांच्या आधी तंबूत आली. मी कापडावर पाणी मारत होतो. कपाळावर ठसठशीत कुंकू, हातभर हिरव्या बांगड्या.

"उद्यापासून मला कुठं जाता यायचं न्हाई, मास्तर," ती म्हणाली. "म्हणून आज आले. एक इचारू? त्यो चंद्रावर गेलेला मानूस परत येतो का?"

"येतो की."

"मग बघते," म्हणाली आणि पडद्यामागं जाऊन अगदी पुढं बसली. दुसऱ्या दिवशी त्या बांगड्या फुटणार होत्या.

शो सुरू झाला. तंबू गच्च. चंद्राचा भाग आला, पडदा सगळा पांढरा फटक. मी "बघा बघा, इथं झाड न्हाई, पानी न्हाई" म्हणून रंगात आलो होतो... आणि त्या पांढऱ्यात एक माणूस उभा राहिला.

घड्याळजी नव्हे. हा सिनेमा मी इतक्या वेळा पाहिला होता की झोपेत सांगितला असता. यात असा माणूस नव्हता! आमच्याकडं पाठ केलेली, अंग उघडं, कमरेला काहीतरी गुंडाळलेलं. पाठीच्या मधोमध फुलीसारखा भाजल्याचा डाग, अगदी पडद्यापाशी होतो म्हणून मला दिसला. आणि तो हलत नव्हता. सिनेमातली माणसं लुटूलुटू हलतात, हा तसा नव्हता. नुसता श्वास घेत होता.

गडीमाणसांत गलका उठला. कुणीतरी पळायला लागलं. चेंगराचेंगरी झाली असती तर मेलो असतो आम्ही! मी छडी आपटली आणि सगळा जीव लावून ओरडलो, "भिऊ नका! ह्यो मानूस खरा न्हाई! सावली हाय नुसती!"

तेवढ्यात पडद्यामागून सुंदराबाईचा आवाज आला. किंचाळली वगैरे नाही. अंगणात उभं राहून शेतातल्या माणसाला हाक मारावी तशी बोलली.

"उद्या तुमाला जाळणार हायेत. ऐकू येतंय का? मी कुंकू पुसणार न्हाई. या आता घरी."

त्या माणसाची मान हलली. मग चित्र झटक्यासरशी उडालं आणि घड्याळजी पुन्हा धावायला लागला. मागं वळून पाहिलं तर उस्मानभाई घामानं निथळलेले, हात मात्र हँडलवर तसाच फिरतोय. "मास्तर," ते म्हणाले, "ये आदमी मेरे रील में नईं है."

शो संपल्यावर बायकांना विचारलं. आणि इथं माझं डोकं जे फिरलं ते अजून जाग्यावर आलेलं नाही. बायका म्हणाल्या, माणूस त्यांच्याकडं तोंड करून उभा होता. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. सगळ्याजणींनी चेहरा पाहिला. कुणी म्हणालं हाच तो, कुणी म्हणालं बारा वर्षांनी कसं ओळखावं. पण चेहरा पाहिला यावर सगळ्यांचं एकमत.

अहो, पडदा एकच! पुढून पाठ दिसली तर मागूनही पाठच दिसली पाहिजे. पुढून पाठ आणि मागून तोंड, असं फक्त खऱ्या उभ्या माणसाचं होतं. मी कंदील घेऊन पडद्याखालची जमीन पाहिली. कापडाचं पाणी गळून चांगला चिखल झाला होता. त्यात एकही पाऊल नव्हतं.

मी हट्टी माणूस. सकाळी उस्मानभाईंना उठवलं आणि अख्खी फिल्म उन्हात धरून चित्र न् चित्र पाहिलं. तो माणूस कुठंच नव्हता. मधे तुकडा कापलेला नाही, जोडलेला नाही. मला तर हायसं वाटलं. म्हटलं, दिव्याचा काहीतरी खेळ असणार.

इतक्यात आबारावाचा गडी बोलवायला आला. अंगणात गेलो तर भटजी, पाहुणे, आणि मधे पानांचा माणूस आडवा. डोक्याच्या जागी नारळ. सुंदराबाई त्याच्या शेजारी मांडी घालून बसलेली, एक हात पुतळ्याच्या छातीवर दाबून धरलेला. कुणाच्या बापाची टाप नव्हती तो हात काढायची.

"मास्तर, तुमीच समजावून सांगा हिला," आबाराव म्हणाला. "हाय का तसा मानूस तुमच्या फिलिममदी?"

"नाही," मी म्हणालो. "आत्ताच सगळी उन्हात धरून पाहिली. तसा माणूस त्यात नाहीच."

"ऐकलंस वैनी?"

सुंदराबाईनं मान वर केली. "ऐकलं की. फिलिममदी असते तर मीच म्हणले असते, खोटं चित्र हाय. फिलिममदी न्हाईत, म्हंजी ते खरंच आलते."

शेवटी सासू पुढं झाली. म्हातारी रडून रडून अर्धी झालेली. "पोरी, तहानलेलं फिरत असंल गं माजं लेकरू. त्याला पानी तरी मिळू दे. कावून अडवतीस?"

"जित्त्या मानसाला पानी घरात द्यायचं असतं आत्याबाई. मी देईन."

मला वाटलं, आता एक घाव दोन तुकडे करावेत. हे खूळ इथंच मिटवावं म्हणून मी म्हातारीला विचारलं, "आजी, तुमच्या मुलाच्या पाठीवर भाजल्याची खूण वगैरे नव्हती ना?" नव्हती म्हणेल अशी माझी खात्री होती.

म्हातारीनं रडणं थांबवलं. "लहानपणी लई आजारी पडलता. जगतो का मरतो झालतं. तवा डागनी दिलती पाठीवर." बोटानं तिनं हवेत फुली काढली. "तुमी कुठं बघितली?"

बायकांना तर पाठ दिसलीच नव्हती, आणि डागाबद्दल मी उस्मानभाई सोडून कुणाशी बोललो नव्हतो. मी नुसता खळ्यातल्या तंबूकडे हात केला. म्हातारी वाकली, पुतळ्याचा नारळ उचलला आणि पदरात घेतला. "ऱ्हाऊ द्या रे," ती म्हणाली. "आनिक एक वरीस वाट बघू." आबाराव चरफडला, भटजी कुरकुरले, पण आईपुढं कोण बोलणार?

आम्ही तंबू गुंडाळला आणि पुढच्या गावाला निघालो. वर्षभर मी लोकांना विचारत फिरलो... वकिलाला, डॉक्टरला, एका मौलवीसाहेबांनाही. प्रत्येकानं आपापल्या परीनं वेड्यात काढलं.

पुढच्या साली पुन्हा सिरसाळा आलं. मी गाडीत उभा राहून नेहमीसारखी आरोळी देत होतो, "आज संध्याकाळी, चंद्रावर गेलेला मानूस..." एवढ्यात एका घरातून एक दाढीवाला माणूस तीरासारखा सुटला. बैलांच्या अंगावर आला, माझ्या सदऱ्याची गळपट्टी धरली आणि मला खाली ओढलं.

"तूच बे!" तो म्हणाला. "तूच म्हणलतास, ह्यो मानूस खरा न्हाई म्हणून!"

मी त्याला जन्मात पाहिलं नव्हतं. निदान तोंड तरी नाही.

मागोमाग सुंदराबाई धावत आली. कपाळावर कुंकू तसंच. "सोडा हो त्यांना, मास्तर हायेत ते!" मग त्यानं हात काढला आणि तिथंच रस्त्यात सगळं सांगितलं. लांबच्या एका बंदरात तापानं फणफणून तो दवाखान्यात पडला होता. डॉक्टरांनी आशा सोडलेली. एका संध्याकाळी त्याला दिसलं की आपण पांढऱ्या उजेडात उभे आहोत. पुढं गावातल्या बायका बसल्यात, आणि त्यांच्यातून ही उठून बोलतेय. पाठीमागं यंत्राची खडखड, आणि कुणीतरी मोठ्या आवाजात ओरडतंय.

"तुजं तोंड न्हाई दिसलं. आवाज ऐकला," तो म्हणाला. "लई राग आलता बे. मनात म्हणलं, खरा हाय का न्हाई, गावात जाऊनच दाखवतो. तवा ताप उतरला."

मी त्याच्या पाठीमागं गेलो आणि सदरा वर केला. फुली होती.

नंतर किती वाद घातले मी स्वतःशी! डागणी म्हणाल तर शंभर जणांच्या पाठीवर असते. तापात माणसाला काहीही दिसतं. बायकोनं सांगितलेलं त्याला स्वप्न वाटलं असेल... पण माझा आवाज? तो त्यानं कुठं ऐकला? इथं येऊन माझी गाडी दरवेळी अडते.

त्या संध्याकाळी शो झाला. म्हातारी सासूही आली होती, पडद्यामागं सुनेला टेकून बसली होती. सिनेमा संपला, बुटातून राख सांडली आणि समोरून नेहमीची आरोळी आली, "मास्तर, खरं का सपान?"

छडी हातात होती. उत्तर तोंडपाठ होतं. आयुष्यात पहिल्यांदा माझा आवाज फुटेना.

पडद्यामागून सुंदराबाईच बोलली. "परत आला न्हवं घरी? मग झालं की. खरंच हाय."