दुसऱ्याचं सिमेंट, तिचे पॉइंट

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे दुसऱ्याचं सिमेंट विकत घेणं. बांधकाम आमचं नव्हतं. शेजारचे गुरुजी वरची खोली बांधून राहिले होते. सिमेंट त्यांचं, पैसे त्यांचे, न्यायला ट्रॅक्टरही त्यांनीच सांगितला होता. पण सौंसरच्या त्या दुकानात काउंटरसमोर आम्ही दोघं उभे होतो, अन् कार्ड होतं माझ्या बायकोचं.

दुकानदार म्हणाला, कार्डावर घेतलं तर थोडे जास्त लागतील. ती म्हणाली, मग बाजूच्या दुकानातून घेते. त्यानं मशीन पुढं केली. नंबर दाबता दाबता त्यानं विचारलं, "मॅडम, त्या हप्त्यात लोखंड नेलं, आता सिमेंट. बंगला कुठं बांधून राहिल्या?"

"माझा नाही जी. गुरुजींचा."

"मंग गुरुजी कुठं हायेत?"

"ते नगद घेऊन घरी बसले. मले देतीन."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "माझ्याकडे नको पाहू भाऊ, मलेच समजून नाही राहिलं."

ती स्कुटीवर मागं बसली अन् घरी येईपर्यंत सांगत राहिली की आता थोडाच खर्च बाकी आहे. घरी चहा झाला. गुरुजींनी नगद आणून दिली, तिनं ती आपल्या पेन्शनच्या पैशासोबत पाकिटात घालून गव्हाच्या कोठीवर ठेवली. त्या दिवशी आणखी काहीच झालं नाही.

मग काही दिवसांनी सकाळी अंगणात कण्हेरीची फुलं तोडता तोडता ती खाली बसली. नागपूरला नेत होतो, गाडी सावनेरलाही पोचली नाही, तेवढ्यात ही गेली. त्याच्याबद्दल मला जास्त लिहिता येत नाही. मी चौथीपर्यंत शिकलो, सायकलीचं दुकान चालवलं. मला या कार्डाचं लिहायचं आहे, कारण ते मला अजून समजलेलं नाही.

ती पांढुर्ण्याच्या सरकारी दवाखान्यात नर्स होती. पेन्शनचं खातं तिथलंच, म्हणून कार्ड तिथल्या बँकेनं दिलं. बोली अशी होती की पहिल्या तीन महिन्यांत ठरलेला खर्च कार्डावर केला तर बँक बोनस पॉइंट देते, अन् त्या पॉइंटांवर फोनमधल्या यादीतली एखादी वस्तू घरपोच येते. मी म्हटलं, फुकट कोण देते? ती म्हणाली, "फुकट नाही देत. जे उशिरा भरतात ना, त्यांच्या व्याजातून आपल्याले देते. आपण तारखेच्या आत पूर्ण भरायचं. अर्धं भरलं का मेलो."

आता आम्ही दोन म्हातारी माणसं. तूर डाळ, तेल, तिच्या गोळ्या, विजेचं बिल, आमचा खर्च होऊन होऊन किती होणार? म्हणून तिनं सगळी गल्ली कामाला लावली. कोणाला काही घ्यायचं असलं की ती विचारायची, माझ्या कार्डावर घ्या, मला नगद द्या. कोणाच्या घरचा कूलर घेतला, कोणाच्या पोरीचा लग्नाचा शालू घेतला, एकाच्या संत्र्याच्या बागेतली औषध फवारायची मोटर घेतली. लोक हसायचे, पण नगद आणून द्यायचे. मीही कामाला लागलो. तिनं माझ्या नावाचं आणखी एक कार्ड मागवलं होतं, त्याचेही थोडे पॉइंट भेटणार होते. त्याच्यावर माझं नाव इंग्रजीत उठाव अक्षरांत होतं. मी ते खिशात घालून रोज पंपावर जायचो अन् गरज नसतानाही पेट्रोल टाकायचो. महिनाभरानं तिनं फोनमध्ये पाहिलं अन् कपाळाला हात लावला. पेट्रोल धरतच नाही म्हणे. मी विचारलं, काऊन नाही धरत, पेट्रोल काय पाणी आहे? ती म्हणाली, नियम आहे. मी म्हटलं, नियम होता तर पहिले सांगायचं. ती म्हणाली, पहिलेच सांगितलं होतं.

हा सारा खटाटोप एका डिनर सेटसाठी होता.

आमच्याकडे लग्नात भांडी देतात, अन् देणारा त्यावर आपलं नाव कोरून देतो. दुकानातच मशीन असते, कर्र कर्र करून लिहून देतात. आमच्या घरात एक भांडं असं नाही ज्यावर कोणाचं नाव नाही. पोळ्यांच्या डब्यावर दवाखान्याच्या कंपाउंडरचं नाव. भाताच्या गंजावर माझ्या मामाचं. तिचं रोजचं ताट माझ्या मोठ्या बहिणीच्या सासऱ्यांनी दिलेलं, अन् त्या माणसाशी तिचं कधी पटलं नाही. ती म्हणायची, शेवटचा घास खाल्ला की त्या बुढ्याचं नाव वाचावं लागते. यादीत तिनं चिनी मातीचा सेट पाहून ठेवला होता. पांढरा, काठाला निळी रेघ. मी म्हटलं, पॉइंट बिलातून कापून घे, चिनी माती फुटते.

"फुटू द्या," ती म्हणाली. "फुटेपर्यंत तं कोणाचं नाव नाही राहीन त्याच्यावर."

तेरवीच्या वेळी मोहगावहून तिचा भाऊ आला. ती अहेव गेली, म्हणून माहेरचं लुगडं घेऊन आला. रडला. मग बसून म्हणाला, भाऊजी, तेरवीला ताईच्या नावाचे स्टीलचे पेले वाटू. तसा इथला रिवाज आहे, नाव कोरून स्मरणार्थ वाटतात. मी सरळ सांगितलं, नाही वाटायचे, ती उठून येईन अन् दोघाले मारीन. त्याला राग आला. दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. त्याला डिनर सेटचं माहीत नव्हतं अन् मला ते नीट सांगता आलं नाही.

तेरवीचं किराणा सामान आणायला मीच गेलो. गहू, बेसन, तूप, साखर, सारं मिळून बिल मोठं झालं. घरात नगद होती, गुरुजींची सिमेंटची अन् तिच्या पेन्शनची, पण ती पाकिटात कोठीवर. ते पैसे कार्डाच्या बिलाचे, त्याला हात लावायचा नाही हा तिचा कायदा. हॉस्पिटलच्या गाडीला पैसे कमी पडले तेव्हाही मी त्याला हात लावला नव्हता, नागपूरच्या लेकीकडून घेतले होते. म्हणून मी खिशातून माझं कार्ड काढलं. माझं नाव असलेलं. दुकानदारानं मशीनला लावलं, चिठ्ठी निघाली, झालं.

तेरवीच्या दिवशी पंगत बसली होती. बुंदी वाढून राहिले होते. देवाजवळ तिचा फोन ठेवला होता, तो वाजला. चश्मा माझ्याजवळ नव्हता, म्हणून गुरुजींच्या हातात दिला. त्यांनी वाचलं अन् पुन्हा वाचलं. मी म्हटलं, काय आहे? ते हळूच म्हणाले, "भाऊ, वहिनींचा खर्च पूर्ण झाला. अभिनंदन लिहिलं आहे."

मी समजलो नाही. मग समजलो. जो थोडा खर्च राहिला होता, तो तिच्या तेरवीच्या सामानानं पुरा केला. गुरुजींना हसू आवरेना अन् रडूही. मला दोन्ही आलं नाही. मी पुढं जाऊन बुंदी वाढायला लागलो, कारण वाढणारा थांबला होता.

बिल आलं तेव्हा गुरुजींना सोबत घेऊन पाकिटातल्या पैशातून तारखेच्या आत भरलं, पूर्ण. मग पॉइंट जमा झाले. लेकीनं नागपूरहून फोनवर विचारून विचारून खात्री केली. डिनर सेट येऊ शकत होता. तोवर मी बँकेत ती गेल्याचं कळवलं नव्हतं. लपवलं असं नाही. मृत्यूचा दाखला नगरपालिकेतून उशिरा भेटला. पण भेटल्यावरही थोडे दिवस घरी ठेवला, हेही खरं.

शेवटी पेन्शनच्या कामासाठी पांढुर्ण्याला जावंच लागलं. बँकेत कार्डाच्या टेबलावर एक तरुण बाई बसते, आमच्या लेकीपेक्षा लहान. मी दाखला अन् दोन्ही कार्डं समोर ठेवली. म्हटलं, हिचं बंद करा, माझं चालू ठेवा.

ती म्हणाली, "काकाजी, हे कार्ड तुमचं नाही."

मी म्हटलं, नाव तं माझंच आहे. वाचा.

मग तिनं शांतपणे सांगितलं. नाव माझं असलं तरी खातं एकच, बाईचं. माझं कार्ड तिच्या कार्डाला जोडलेलं. ती गेली की दोन्ही गेली, ज्या दिवशी गेली त्याच दिवसापासून. पॉइंटही तिचे, दाखला कॉम्प्युटरवर चढला की तेही संपतात, माझ्या नावावर होत नाहीत. मी ते कार्ड उलटसुलट करून पाहिलं. इतके महिने मी ते खिशात घालून फिरलो अन् माझं समजलो. मग तिनं दाखल्यावरची तारीख पाहिली, कॉम्प्युटरमध्ये पाहिलं, अन् विचारलं, "यानंतरचा हा किराण्याचा खर्च कोणाचा?"

"तेरवीचा."

तिनं तारखेवर बोट ठेवलं. म्हणाली, तो खर्च या कार्डावर करायचा नव्हता. पैसे भरले आहेत म्हणून भानगड नाही, पण नियमानं तो बोनसमध्ये धरता येत नाही.

"तिच्याच नावाचं जेवण, तिच्याच कार्डावर," मी म्हटलं. "बिलही तिच्याच पाकिटातून भरलं. मंग चुकलं कोणाचं?"

ती बाई म्हणाली, "मला माहीत नाही, काकाजी."

तिनं दाखला हातात घेतला, उलटा करून पाहिला. मग विचारलं, आधारची झेरॉक्स आणली? मी म्हटलं, नाही. तिनं दाखला परत माझ्या हातात दिला. म्हणाली, उद्या झेरॉक्स घेऊन या, मग सगळं एकदमच चढवते. झेरॉक्सचं दुकान रस्त्याच्या पलीकडेच आहे. आत्ता घेऊन या म्हणू शकत होती. उद्या म्हणाली. काऊन म्हणाली ते मला आजवर कळलं नाही. विसरली असेल, जेवायची वेळ झाली असेल. मी विचारलं नाही.

संध्याकाळी लेकीला फोन लावून सारं सांगितलं, अन् म्हटलं, आज रात्रीच सेट मागवू. तिनं दाखल्यावरची तारीख विचारली. मग म्हणाली, "बाबा, चुकीचं तर नाही ना होणार?"

"मले काय माहीत? बँकेतल्या बाईलेही माहीत नाही."

"आईचे पॉइंट आहेत पण."

"आईचेच आहेत. तुयी आई त्याच्यासाठी दुसऱ्याचं सिमेंट घेत फिरली."

मग मी गच्चीवर गेलो, खाली इंटरनेट चालत नाही. एका कानाला माझा फोन, हातात तिचा. लेक सांगत गेली, इथं दाबा, वर सरकवा, आता निळी रेघ दिसते का? दिसली. मग तिच्या फोनवर एक नंबर आला. लेक म्हणाली, वाचून दाखवा, बरोबर टाकता का पाहते. मी म्हटलं, नाही. आईनं सांगितलं होतं, हा नंबर कोणालाच सांगायचा नाही.

"मी परकी आहे का, बाबा?"

"ती म्हणे, बँकवाला मांगो का मी मांगो, सांगायचं नाही."

लेक हसली. आई गेल्यापासून पहिल्यांदा हसली. मीच एकेक आकडा दाबला. एक चुकला, पुसला, पुन्हा दाबला. शेवटी नाव अन् पत्ता आला. नाव तिचंच, ते बदलता येत नव्हतं. म्हणजे सेट घेऊन येणारा माणूस दारात उभा राहून तिचंच नाव घेणार, मॅडम आहेत का विचारणार. त्याला काय सांगायचं ते मला सुचलं नाही, तरी मी बटण दाबलं. फोननं तिचे आभार मानले.

झोप नीट लागली नाही. आपण तिचं काम पुरं केलं की बँकेला फसवलं, हे ठरत नव्हतं. बिल भरलं, व्याज दिलं नाही, कोणाचा पैसा बुडवला नाही. तरी किराण्याची तारीख तर ती गेल्यानंतरचीच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बसनं पांढुर्ण्याला गेलो. आधारची झेरॉक्स काढली, बँक उघडेपर्यंत पायरीवर बसलो. बाई आली तसा तिच्या टेबलाजवळ गेलो, दाखला, झेरॉक्स अन् दोन्ही कार्डं ठेवली. ती काही विचारायच्या आधीच सांगून टाकलं.

"बाई, रात्री पॉइंट काढले. तिचा डिनर सेट मागवला. वापस घ्यायचे असतीन तं घ्या, पण मले आता सांगा."

ती म्हणाली, "पॉइंट तर संपले काकाजी, आता परत काय घेऊ?" मग कागदांना टाचणी मारली, कॉम्प्युटरकडे वळली अन् दाखल्यावरची तारीख टाकायला लागली. सही कुठं करायची ते बोटानं दाखवलं. मी सही केली.