चाचांच्या आवाजातले फोन

गुलाबी बोंडअळीनं कपाशीची दैना केली, त्या वर्षांतली ही गोष्ट. अमरावतीत आम्ही काही मित्रमैत्रिणी शेतकऱ्यांसाठी फोनसेवा चालवायचो. रोज दुपारी गावोगावच्या मोबाईलवर फोन जायचा आणि कापसाचा भाव, पावसाचा अंदाज, फवारणीचा सल्ला सांगायचा. आधी रेकॉर्ड करून ठेवलेले तुकडे संगणक जोडायचा आणि त्यातून वाक्यं तयार व्हायची.

आवाज अकोल्याच्या एका चाचांचा होता. बाजारात हर्रास, म्हणजे लिलाव, पुकारण्यात त्यांचा जन्म गेला होता. त्यांच्या घरीच आम्ही रेकॉर्डिंग केलं, पंखा बंद करून. चाची घामेजून दारात उभ्या राहायच्या आणि गल्लीतल्या पोरांना हाकलायच्या. सुरुवातीचं वाक्य चाचांनी स्वतःच ठरवलं: "नमस्कार, आदाब, रामराम. मी बोलून राह्यलो."

"नाव सांगा ना चाचा," मी म्हटलं.

"नाव कायले? आवाज वळखतेत लोकं."

पुढच्या उन्हाळ्यात चाचा वारले. आवाज बदलायचा का, हे विचारायला मी गेले तेव्हा चाची म्हणाल्या, "राहू दे बेटा. बोलून राह्यले तर बोलू दे." म्हणून तो तसाच राहिला.

कपाशीला बोंडं धरायच्या सुमारास अंजनगावहून एका शेतकऱ्याचा फोन आला. "मॅडम, तुमचे चाचा भाव काहून सांगत नाईत? सकायी फोन येते, नमस्कार म्हन्ते अन् चूप बसते. लाईन तं चालूच असते."

मी यंत्रणा तपासली. त्यांना सकाळी कुठलाच फोन गेलेला नव्हता, दुपारचा नेहमीचा तेवढा गेला होता. त्यांचाच काही घोळ झाला असेल, असं मला वाटलं. मग धारणीकडून एका बाईंनी विचारलं, "ते वारले म्हन्ते ना? मंग त्यायले काई सांगाचं रायलं काय? आमी कानाले लावून बसतो, पन बोलतच नाईत."

त्या काळात अवेळी फोन वाजला की गावात आधी काळजात धस्स व्हायचं. एका गावानं आमचे फोन उचलणं सोडून दिलं. दुसऱ्या गावात माणसं पारावर फोन मोठ्यानं लावून ती शांतता ऐकत बसायची, असंही कळलं.

आणि एका सकाळी ऑफिसात माझाच फोन वाजला. "नमस्कार, आदाब, रामराम. मी बोलून राह्यलो." पुढे काहीच नाही. फोन तुटला नव्हता. पलीकडे कुणीतरी आहे असं वाटायला लावणारी ती शांतता होती. माझ्या तोंडून निघून गेलं, "चाचा?" शेजारचा सहकारी माझ्याकडे बघतच राहिला.

त्यानंच मग फोन कंपनीकडून नोंदी मागवल्या. फोन आमच्याच खात्यावरून जात होते, पण ते आमचा प्रोग्राम लावत नव्हता. आमच्या खात्याची किल्ली, म्हणजे पासवर्डसारखा लांबलचक आकडा, दुसऱ्या कुणाच्या तरी हातात होती.

सगळंच सॉफ्टवेअर काही आम्ही लिहिलेलं नव्हतं. कुणीच तसं लिहीत नाही. जगभरातली माणसं आपला कोड सगळ्यांसाठी मोकळा ठेवतात, त्याची पॅकेजं आपण उचलतो आणि आपल्या कामात जोडतो. आवाजाचे तुकडे सांधणारं असंच एक पॅकेज आम्ही वापरत होतो. ते लिहिणारा माणूस थकून बाजूला झाला होता आणि कारभार एका अनोळखी मदतनिसाकडे गेला होता. हा मदतनीस फार अदबीनं वागायचा. माझ्याही एका अडचणीवर त्यानं उपाय सुचवला होता आणि वर विचारलं होतं, "तुमच्याकडे शेतकरी फोन ऐकतात, ही किती छान गोष्ट आहे. पूर्ण ऐकतात का?"

त्याच्या नव्या आवृत्तीत चाचणीसाठी म्हणून आवाजाची एक फाईल होती. मी ती हेडफोन लावून ऐकली. नुसती खरखर. सहकाऱ्यानं ती उलगडली तेव्हा आत आवाज नव्हताच, आज्ञा होत्या. पॅकेज जिथे बसेल तिथल्या किल्ल्या शोधायच्या आणि गुपचूप बाहेर पाठवायच्या. आमच्या किल्लीनं तो माणूस लोकांना फोन लावत होता. कोण उचलतं, कोण किती वेळ थांबतं, हे बघत होता. पुढे फसवायला कोण सापडेल, याची ती चाचपणी असावी. फोन कंपनीतल्या आमच्या खात्यात पुढचा मजकूर दिला नाही की चाचांचं पहिलं वाक्य तेवढं वाजायचं. समोरच्याचं बोलणं मात्र रेकॉर्ड होत राहायचं.

आम्ही किल्ली बदलली, ते पॅकेज काढून टाकलं, जगाला सावध करणारी सूचना दिली. मदतनिसाचं खातं तोवर नाहीसं झालं होतं. सकाळचे फोन थांबले.

चाचींचा नंबर आमच्या यादीत पहिला होता, चाचणीचा. त्यांना सांगायला मी अकोल्याची बस धरली.

मी काही बोलायच्या आतच त्यांनी विचारलं, "सकायचा फोन काहून बंद झाला? रोज येत होता. मी सलाम करत होती. मंग सांगत होती, शेरडी व्याली, गुडघा दुखते, असंच."

मी सगळं सांगितलं. कोड, पॅकेज हे शब्द बाजूला ठेवले. म्हटलं, एका चोरानं चाचांचा आवाज वापरला.

त्यांनी पदर सारखा केला. "मंग मी बोलली ते त्या चोरानं आयकलं?"

"आयकलं असेल, चाची. बोलणं रेकॉर्ड होत होतं."

"तो थांबत होता ना. मी बोलून होयेपर्यंत फोन ठेवत नव्हता." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मले वाटे, ते आयकून राह्यले."

आमच्याकडची रेकॉर्डिंग पुसून टाकते, असं मी म्हटलं. त्याच्याकडची पुसणं आमच्या हातात नव्हतं. मग मी विचारलं, चाचांचं ते वाक्य त्यांच्या मोबाईलवर घालून देऊ का, हवं तेव्हा ऐकता येईल.

"नको बेटा," त्या म्हणाल्या. "आता वाजलं तं कोन बोलून राह्यलं, ते मले समजनार नाई."

त्यांनी चहा टाकला. मी तो घेतला आणि अमरावतीला परत आले. त्याच आठवड्यात आम्ही चाचांचा आवाज काढून नव्या माणसाचा लावला.