गारांच्या पाण्याची बाटली

माझ्या नातवंडांनो,

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, "आजी, आईसला मराठीत काय म्हणतात?" शाळेसाठी निरनिराळ्या भाषांतले शब्द हवे होते. मी म्हटलं, बर्फ. "आणि स्नोला?" तेही बर्फच. तुम्ही दोघं हसलात. मग मी म्हटलं, थांबा, गारा राहिल्या. तेवढ्यात तुमच्या बाबानं मनगटावरचा डाग कॅमेऱ्यासमोर धरला आणि नेहमीचा विनोद केला, "गारांचं पाणी ना? माझ्या आजीनं त्याऐवजी व्हिनेगर ओतलं होतं!" सगळे पुन्हा हसले. मीही हसले. ते हसणं बरोबर नव्हतं, म्हणून हे आता लिहिते आहे.

आधी शब्दांचं सांगते. बर्फ फारसीतून आला. हे मला कोशाच्या आधी लोणावळ्याच्या बाजारातल्या बर्फवाल्या चाचांनी सांगितलं. गोणपाटाखाली, भुशात ठेवलेल्या लाद्या ते टोच्यानं फोडून देत. मी शाळेत इंग्रजी शिकवायची, म्हणून मला बाई म्हणत.

"शब्द आमच्याकडनं आलाय, बाई. बर्फीसुद्धा आमचीच. चिक्की तेवढी तुम्ही ठेवा."

"आणि तुम्ही कुठून आलात, चाचा?"

"मी? मी हितलाच. शब्द लांबून आलाय, मी न्हाई."

हिम संस्कृतातला. तो आपण हिमालयाला दिला आणि रोजच्या बोलण्यात जवळजवळ वापरलाच नाही. इंग्रजीतला आईस जर्मन कुळातला. हे सगळं मी वहीत रकाने आखून लिहिलं होतं. गार मात्र वहीत नव्हती, कारण तो शब्द आमच्या स्वयंपाकघरातला होता आणि तिथल्या शब्दांना मी तेव्हा शब्द मानत नव्हते. गार म्हणजे थंड, आभाळातून पडते ती गार, आणि नदीकाठी सापडते ती पांढरी गारगोटीही गारच. यातली आधीची कोणती, मला अजून ठरवता आलेलं नाही.

तुमची पणजी, म्हणजे माझ्या सासूबाई, आंबी गावच्या. वैशाखात वळवाबरोबर गारा पडू लागल्या की त्या डोक्यावर पोतं घेऊन अंगणात जात आणि पितळी परात मांडत. वितळलेलं पाणी फडक्यातून गाळून एका काचेच्या बाटलीत भरत. कुणाला भाजलं, कुणाला घामोळं आलं, की ते लावायचं. आमचं घर मळवलीला होतं. शेजारच्या बायका वाटी घेऊन दारात येत.

"मावशी, गारांचं पाणी हाय का थोडं?"

"हाय की. पर मागची वाटी कुटं हाय माझी? ती बी गारंसारकी इरघळली व्हय?"

मला हे अडाणीपणाचं वाटे. बोलत नसे, पण वाटे. मी प्रत्येक डब्यावर इंग्रजीत लेबल लावलं होतं. सासूबाईंना वाचता येत नव्हतं. त्या झाकण काढून वास घेत आणि मला विचारत, "डब्याला नाव कशापायी, बाय? त्याला शाळंत घालायचंय का?"

एका दिवाळीच्या साफसफाईत मला ती बाटली दिसली. लेबल नाही, तळाशी थोडा गाळ. मी पाणी कढीपत्त्याच्या झाडाला ओतलं, बाटली उकळून घेतली, तिच्यात व्हिनेगर भरलं, लेबल चिकटवलं आणि बाटली पुन्हा जागच्या जागी ठेवली. सासूबाईंना सांगितलं नाही. सांगायचं काय, नाव तर लिहिलंय, असंच मला वाटलं असणार.

तुमचा बाबा तेव्हा चार वर्षांचा होता. मी शाळेत असताना त्याच्या हातावर उकळता चहा सांडला. सासूबाईंनी धावत जाऊन फळीवरची बाटली काढली आणि ओतली. एरवी त्या मिठाचासुद्धा वास घेत. त्या दिवशी तेवढा दम नव्हता.

मी घरी पोचले तेव्हा लोणावळ्याच्या डॉक्टरांकडे निघायची तयारी झाली होती. दवाखान्यात डॉक्टर चिडले. "भाजल्यावर व्हिनेगर? साधं गार पाणी ओतायचं ना! कुणी केलं हे?"

"म्या," सासूबाई म्हणाल्या. "वास घ्याया इसरले."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. डॉक्टर पट्टी बांधत होते आणि मी पोराचा हात धरून उभी होते. "बाटली मी भरली," हे तीन शब्द मला बोलता आले असते. तेव्हा नाही तर घरी, घरी नाही तर दुसऱ्या दिवशी. मी बोलले नाही. गावात कळलं की म्हातारीनं नातवाचा हात जाळला. वाट्या यायच्या थांबल्या. पुढच्या वैशाखात गारा पडल्या तेव्हा त्या ओट्यावर बसून नुसत्या बघत राहिल्या. मी परात आणून दिली. त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे, बाय. आता कोण लावतंय."

पुढे त्या आणखी बरीच वर्षं होत्या. मला एवढे दिवस मिळाले आणि मी एकही वापरला नाही. आता त्या नाहीत, म्हणून तुम्हाला सांगते, आणि हे बाबालाच मोठ्यानं वाचायला सांगा. डाग माझ्यामुळे आहे. त्याची आजी फक्त त्याला गार वाटावं म्हणून धावली होती.

यंदा मळवलीला गारा पडल्या. मी पोतं घेऊन बाहेर गेले, परात मांडली. फडकं एकपदरी घ्यायचं की दुपदरी, गाळ बसू द्यायचा का, हे मी त्यांना कधी विचारलं नव्हतं. जमेल तसं गाळलं.

त्यांची परात आहे. बाटली आहे, त्याच फळीवर, अर्धी भरलेली. लेबल काढून टाकलंय.