बेचाळीस सेंटिमीटर

कोणतंही टोकदार अवजार माझ्या हातात देण्याआधी जिजी माझ्या मनगटावर दोन बोटांनी टकटक करायच्या. मग अवजार. मी डोळ्यांवर लूप्स चढवून, म्हणजे चष्म्याच्या काचांवर बसवलेल्या त्या दोन इवल्या दुर्बिणी घालून, रुग्णाच्या तोंडात गुंतलेली असायची. बाजूचं काही दिसायचं नाही. सुई टोचू नये म्हणून ही टकटक. कुणी शिकवली नव्हती, त्यांची त्यांनीच काढली होती.

जिजींना जाऊन आता वर्ष होईल. तोंडाच्या कॅन्सरने गेल्या. आणि मी दातांची डॉक्टर, रोज आठ-नऊ तास त्यांच्या शेजारी बसणारी. हे मी बऱ्याच जणांना सांगून पाहिलं. सगळे म्हणतात, "तुमची काय चूक त्यात?" चूक कशी नाही? चांगली ढळढळीत आहे. सांगते.

मी मूळची नाशिकची, लग्नाने सुरतकर. बमरोलीत माझा छोटा दवाखाना आहे. मागच्या गल्लीत लूमची खाती, म्हणजे यंत्रमागांचे कारखाने, त्यामुळे ड्रिलचा आवाज आमच्याकडे कुणाला फारसा टोचत नाही. जिजी शिरपूरकडच्या. नवरा खात्यात कामाला आणि त्या स्वतः हिऱ्याच्या कारखान्यात बारा वर्षं हिरे निवडायला. चाळिशीनंतर जवळचं दिसेना, तेव्हा ते काम सुटलं आणि त्या माझ्याकडे आल्या. "दातांचं काही येतं का?" मी विचारलं. "नही. पन वस्तू हातमा जपीसन धरता येस," त्या म्हणाल्या. मी तिथल्या तिथे ठेवून घेतलं.

महिनाभरात दवाखाना त्यांचा झाला. तंबाखू-सुपारीचा मावा खाऊन तोंड आखडलेले कामगार आले की जिजींचं आधी सुरू, "भाई, मोढुं खोलो. त्रण आंगळी नाखो." उभी तीन बोटं तोंडात जात नसतील तर काहीतरी बिघडलंय, एवढी साधी परीक्षा. माझ्याकडून ती त्यांनी उचलली आणि पार माझ्या हातातूनच काढून घेतली. एकदा एक दांडगा गडी म्हणाला, मावा सुटणार नाही. जिजींनी त्याच्या खिशातली पुडी काढली, थुंकीच्या बोळ्यांच्या डब्यात टाकली आणि म्हणाल्या, "आते काढीसन खा." तो बिचारा माझ्याकडे बघायला लागला. मी काय बोलणार? मीही त्यांना टरकूनच असायची. गावाकडच्या बायका आल्या की आवाज मऊ व्हायचा, "माय, मिसरी सोड वं. तोंड सडी जाई."

त्यांचं स्वतःचं तोंड मात्र मी धड पाहिलं नव्हतं. आधी पदर, आणि करोनानंतर मास्क. डबासुद्धा भिंतीकडे तोंड करून खायच्या. "जिजी, मी काय परकी आहे का?" मी चिडवायची. "परकी नही, पन डॉक्टर शेतस ना," त्या म्हणायच्या. मला वाटायचं, खानदेशी बाईची लाज. कौतुकच वाटायचं मला त्याचं, बोलून चालून येडी मी.

लूप्स घ्यायचं ठरलं ते माझ्या मानेमुळे. वाकून वाकून मान कामातून गेली होती, आणि एका दाढेतली बारीक भेग माझ्या डोळ्यांतून निसटली होती. कंपनीचा माणूस पेटी घेऊन आला. मी साडेतीनपट मोठं दाखवणारी जोडी लावली आणि हरखलेच. जिजींनी ती माझ्या हातून घेतली, एका डोळ्याला लावली, दुसरा मिटला, हिरे बघतात तशी.

"इतलं नको, ताई. अडीचवाली ल्या. जितलं मोठं दिखस, तितलं बाजूनं चुकस. कारखानामा माले नवीन पोरी हाऊच सांगेत, मोठं भिंग द्या. नि मंग बाजूला पडेल हिरा दिखे नही."

"जिजी, हे हिरे नाहीत, दात आहेत."

"दात हिरापेक्षा म्हांगा शे."

मी हट्टाने साडेतीनचीच घेतली. डॉक्टर मी होते ना!

मग माप घ्यायचं होतं. डोळ्यापासून दातापर्यंतचं अंतर बरोबर मोजलं नाही तर लूप्स कितीही भारी असोत, त्यांच्यासाठी पुन्हा वाकावंच लागतं. तो माणूस पट्टी घेऊन उभा राहिला आणि मी फोटोला बसावं तशी ताठ बसले. जिजी फिसकन हसल्या. "ताई, खोटं बठू नका. रोज अशा बठतस का?" आणि काय करतील, तर सरळ रुग्णाच्या खुर्चीवर जाऊन आडव्या झाल्या. "मन्हा तोंडवर माप ल्या. आते काम करतस तशा बठा."

मी बसले. तो म्हणाला, "मास्क निकालिए मौसी, मुँह खोलिए."

"कसाले? माप डोळापासून तोंडलगून. तोंड उघाडं काय नि बंद काय, माप तेच."

तो हसला, मी हसले. हिशेबाने तसं खोटंही नव्हतं. मास्कवरूनच पट्टी लावली आणि आकडा लिहून घेतला, बेचाळीस सेंटिमीटर. आजही पेटीवरच्या चिठ्ठीवर आहे तो.

लूप्स आले. मान सुटली. पूर्वी न दिसणारं काय काय दिसायला लागलं, आणि रुग्ण म्हणायला लागले, बाईंची नजर फार बारीक. रोज काम संपलं की जिजी लूप्सच्या काचा मऊ फडक्याने पुसायच्या, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत. बाजूचं चुकायचं ते चुकायचंच. तिथे जिजी होत्या, टकटक होती, म्हणून माझं भागायचं.

वर्षभराने त्यांच्या डब्यातली भाकरी चहात बुडायला लागली. मग भाकरी गेली, खिचडी आली. मी काय म्हणाले माहितेय? "काय हो जिजी, दातांच्या दवाखान्यात राहून तुमचेच दात गेले? लोक माझी पाटी उतरवतील!" त्या डोळ्यांनी हसल्या. माझ्या जिभेला हाड नाही असं आई म्हणायची. जिभेचं सोडा, डोळे कुठे होते माझे?

एका दुपारी शेवटचा रुग्ण गेला. मी लूप्स काढून ठेवले. जिजींनी ते पुसले आणि जागेवर ठेवण्याऐवजी माझ्यापुढे धरले. मग स्वतःच खुर्चीवर जाऊन आडव्या झाल्या आणि मास्क खाली ओढला.

"ताई, दखा."

तोंड उघडेना. तीन सोडा, दोन बोटंही गेली नसती. मी लूप्स चढवले, दिवा धरला. डाव्या गालाच्या आत, मिसरी दाबून ठेवतात तिथे, ते बसलं होतं. काठ न काठ दिसत होता. पुढे मोठ्या डॉक्टरांनी जे सांगितलं ते मला तेव्हाच कळलं होतं.

"अगं जिजी, कधीपासून गं हे?" आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना अगं म्हणाले.

त्यांनी डोळे मिटले. "कोनत्या तोंडे सांगू, ताई? पुरी बमरोलीले मिसरी सोडाले लाई मी. नि मन्हीच सुटनी नही." मग म्हणाल्या, "तुम्ही माप लिधं ना, तवळ नुसतं पांढरं व्हतं."

नुसतं पांढरं. म्हणजे त्या दिवशी मास्क खाली ओढला असता तर एवढासा तुकडा काढून बाई घरी गेली असती, आणि आज मला टकटक करत असती. बेचाळीस सेंटिमीटरवर होतं ते. मी हसत होते.

गालासकट जबड्याचं ऑपरेशन झालं. रेडिएशनचे शेक झाले. सात महिने काढले त्यांनी. शेवटी बोलणं कुणाला कळत नव्हतं. मी हात हातात घेऊन बसले की दोन बोटं माझ्या मनगटावर हलायची. मी तिथेच ढसाढसा रडायची आणि त्यांची सून मला पाणी द्यायची. खरं तर कुणी कुणाला द्यायला हवं होतं?

आता नवी मुलगी आली आहे, चुणचुणीत. पहिल्याच दिवशी तिला खुर्चीवर बसवलं, मास्क काढायला लावला, तीन बोटं घालायला लावली. ती लाजली, म्हणाली, "मॅडम, माले काय व्हयेल शे?" मी म्हटलं, काही नाही, पण मला पाहू दे. कंपनीचा माणूसही येऊन गेला. लूप्स जुने झाले, नवं माप घेऊ म्हणाला. मी त्याला चहा पाजून परत पाठवलं.

त्या दुपारचं एक सांगायचं राहिलं. मी लूप्स न काढता तशीच बसून होते, काचांच्या आत पाणी साचलं होतं आणि पुढचं सगळं पुसट झालं होतं. जिजी खुर्चीवरून उठल्या. त्यांनी लूप्स माझ्या डोळ्यांवरून काढले, पदराने काचा पुसल्या, परत चढवले आणि विचारलं, "माप बरोबर शे ना, ताई? नीट दिखस ना?"

मी म्हटलं, "हो जिजी. अगदी बरोबर आहे."

त्यांनी मास्क वर ओढला आणि दिवा बंद केला.